शेंदूर लावलेला बोल्ट

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वैशाखात एकदा धुळ्याला यावं.

ही घटना भर दुपारची आहे. साल १९७४. डांबर पाघळलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ठिकाण पिंपळनेरच्या पुढचा एक घाट. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्या रस्त्याने आजही लोक जातात.

आणि घटना खरी आहे. कोणाच्या तरी मित्राच्या काकांची नाही. ज्यांच्यावर बेतली ते माझे सख्खे मामा, शालिग्राम मिस्त्री. त्यांच्यासोबत ट्रकमध्ये होते माझे वडील, निंबा. सांगताना मी वडिलांना अरेतुरे करणार आहे. समजून करतोय, मला कोणी वळण लावायला येऊ नये.

मामांनी हे सांगितलं तेव्हा ते सत्तरीला आले होते, पण डोकं लख्ख होतं. माणूस असा की आयुष्यात कधी अंगारा लावला नाही. देवळातसुद्धा चपला सांभाळत बाहेर उभा राहायचा. असा माणूस सांगताना थरथरत होता. म्हणून मी विश्वास ठेवतो. तुम्ही ठेवा, नाहीतर ठेवू नका.

तर झालं असं.

सावद्याचे केळीचे व्यापारी पुखराज शेठ. त्यांनी एक जुना परदेशी ट्रक घेतला. मूळचा तो कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेला. काम संपल्यावर लिलावात गेला. लाकडाच्या एका ठेकेदाराने घेतला, रानातली लाकडं वाहिली, आणि एक दिवस अचानक विकायला काढला. शेठना पडत्या भावात मिळाला. इतका स्वस्त का, हे मात्र शेठनी विचारलं नाही.

त्या ट्रकला टर्बो होता. त्या काळी आपल्याकडे ती नवलाईच. सोपं करून सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. त्याने गाडीला दांडगा दम येतो. पण चढावर पाय दाबून धरला की धूर इतका तापतो, की लोखंड लाल होतं आणि इंजिन आतून वितळायला लागतं. पाण्याच्या काट्यावर ते दिसत नाही. दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते.

त्यावर उपाय एकच. जळका धूर जिथे एकत्र येतो त्या ओतीव नळाला, म्हणजे मॅनिफोल्डला, एक कांडी बसवायची. तिची तार केबिनमध्ये आणून समोर काटा लावायचा. बॅटरी नको, काही नको. कांडी तापली की काटा चढतो, निवली की उतरतो. काटा लाल रेषेकडे गेला की ड्रायव्हरने पाय काढायचा.

शेठचे आधीचे ड्रायव्हर टिकले नव्हते. एक म्हणाला, केबिनमध्ये गुदमरायला होतं. दुसरा काही न बोलता गेला तो पगार घ्यायलाही आला नाही. मग ती नोकरी निंबाला लागली.

निंबा फैजपूरचा. खांदे दारात मावणार नाहीत इतके रुंद, आणि तोंडात सदा शिट्टी. माझी आई ताईबाई, मामांची धाकटी बहीण, धुळ्याची. दोघांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते, बिऱ्हाड मामांच्या गॅरेजला लागूनच होतं. धुळ्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, फैजपूरकडे म्हणत नाहीत. निंबाला त्याची भारी गंमत. सासरी जेवायला बसला की आईची नक्कल करून तिला पार रडकुंडीला आणायचा.

पण त्या ट्रकवर तो चढला तेव्हापासून आई धास्तावलेली होती. मामा काटा बसवणार हे कळल्यावर ती ओट्यावर येऊन त्यांच्याजवळ बसली.

"दादा, माले बाकी काही नको. यास्ले धड घर लई ये."

निंबाला धड घरी आणायचा मामांनी शब्द दिला. एकुलती एक बहीण, दुसरं काय करणार?

ट्रक मामांच्या गॅरेजसमोर लागला. वैशाखात उभ्या ट्रकखाली काय असतं, हे खानदेशात कोणालाही विचारा. कुत्री असतात, शेळ्या असतात, कधी माणूसही चादर टाकून पडलेला असतो. बाकीच्या ट्रकांखाली सगळं गोकुळ भरलेलं होतं.

या ट्रकखालची सावली रिकामी होती...

मामांनी गंमत म्हणून एका कुत्र्याला मानगूट धरून तिथे नेऊन बसवलं. ते उठलं आणि उन्हात जाऊन पडलं. मामा हसले आणि कामाला लागले.

कांडीसाठी मॅनिफोल्डला भोक पाडावं लागतं. ते जागच्या जागी पाडता येत नाही. लोखंडाचा कीस आत पडला तर टर्बोच्या पंख्याच्या चिंधड्या. म्हणजे अख्खा नळ उतरवणं आलं, आणि तापून तापून गंजलेले बोल्ट सोडवणं म्हणजे जिवाला घोर. मामा अंगाने काडी होते. खांद्यापर्यंत हात आत घालून ते नळ चाचपत होते, आणि त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं.

भोक आधीपासूनच होतं. त्यात बोल्ट बसवून ते बंद केलं होतं.

धरणाच्या कामावर असताना ट्रकला असाच काटा असणार, नंतर कोणीतरी काढला असणार. मामा जाम खुश झाले. नळ उतरवायला नको, कीस नको, भोक नको.

बोल्ट मात्र बाजारातला नव्हता. लोहाराकडून घडवून घेतलेला, डोकं ठोकून चपटं केलेलं. आट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली. आणि सगळ्यावरून शेंदूर थापलेला.

तुम्ही म्हणाल, शेंदूर बघूनही माणसाला कळू नये?

नाहीच कळलं. पाइपाचा सांधा गळू नये म्हणून मिस्त्री लोक आट्यांना शेंदूर लावतात. तेलात कालवायचा, वर सुतळी गुंडाळायची, सांधा पक्का. देवाला लागतो तोच शेंदूर. मामांनी जन्मात देवाला कमी आणि पाइपाला जास्त शेंदूर लावला होता. त्यांना वाटलं, कोणा कसबी मिस्त्रीचं काम आहे, सुतळी जळेल म्हणून त्याने तांब्याची तार वापरली.

एकच गोष्ट खटकली.

हा नळ रोज लाल होतो. तिथला शेंदूर जळून काळा पडायला हवा होता. तो ओला होता... बोटाला लागला.

पण हातातलं काम सोपं झालेलं असताना कोण विचार करत बसतं? मामांनी पाना लावला, पान्यावर नळी घातली आणि जोर दिला. बोल्ट करकरला, सुटला.

भोकातून वाफ आली.

इंजिन आदल्या दिवसापासून बंद होतं. हात लावला तर थंड. तरी वाफ आली, आणि तिला वास होता. डिझेलचा नव्हे... घामाचा. कोंदट खोलीत माणूस फार वेळ अडकला की येतो तसा.

मामांनी मान वळवली, खाकरले, बोल्ट हत्यारांच्या खोक्यात टाकला. मिस्त्री माणूस बोल्ट कधी फेकत नाही. कांडी बसवली, तार केबिनमध्ये घेतली, काटा लावला. शेगडीच्या फुलत्या निखाऱ्यावर कांडीची परीक्षा आधीच झालेली होती. काम फत्ते.

मग निंबा सावद्याहून हिरव्या केळीचे घड भरून आला. माल घाट चढून सटाण्याकडे जायचा होता. मामा म्हणाले, पहिल्या खेपेला मीही येतो, भरल्या गाडीला चढावर काटा कसा चालतो ते बघतो. आई दारात उभी होती.

साक्रीपर्यंत मजेत गेले. पिंपळनेर सोडलं आणि घाट लागला तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

काटा अगदी शहाण्यासारखा वागत होता. चढ आला की चढायचा, निंबाने गिअर उतरवून पाय हलका केला की खाली यायचा. निंबा लहान पोरासारखा खुश. शिट्टी वाजवत होता, मधूनच काट्याच्या काचेवर टिचकी मारत होता. मामांना धन्य वाटलं. बहिणीला दिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर त्या काचेत दिसत होता.

एका वळणावर इंजिन बंद पडलं.

धक्का नाही, खरखर नाही. कोणीतरी किल्ली फिरवावी तसं.

निंबाने ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. ट्रक डोंगराच्या कडेला उभा राहिला.

शांतता...

रानात दुपारी रातकिडे किर्र करत असतात, होले घुमत असतात. तिथे काही नव्हतं. वारा नव्हता. तापलेलं इंजिन निवताना टिकटिक करतं, तेही नव्हतं.

मामांनी काट्याकडे पाहिलं. इंजिन बंद म्हणजे काटा उतरायला हवा.

काटा चढत होता...

मामांना वाटलं तार चिकटली असेल. खाली उतरून बघतो म्हणाले आणि दाराचा दांडा फिरवला. दांडा फिरला. दार हललं नाही. खांदा दिला, लाथ घातली. निंबाने त्याच्या बाजूचं दार बघितलं. तेही तसंच. काच खाली करायचा दांडा गोल गोल फिरत राहिला, काच जागची हलली नाही.

मामांनी पाना घेऊन समोरच्या काचेवर घातला. पाना उडून परत आला. काचेला चराही नाही. आणि काच वाजलीसुद्धा नाही... मामा म्हणायचे, त्या न वाजलेल्या काचेवर त्यांनी पाना पुन्हा उगारलाच नाही.

केबिन तापायला लागली.

आधी उन्हासारखी. मग भट्टीजवळ उभं राहावं तशी. सीटचं कापड मांडीला चटके देऊ लागलं. मागच्या हौद्यातून पिकल्या केळीचा वास आला. पहाटे भरलेले घड कच्चे, हिरवेगार होते. थोड्या वेळाने वास सडक्याचा झाला...

आणि मग आवाज.

टक... टक... टक...

इंजिनाच्या आतून. लोखंडावर कोणी आतून बोटाच्या पेरांनी वाजवावं तसा. मामा आणि निंबा एकमेकांकडे बघत राहिले. आवाज पुढे सरकला. मॅनिफोल्डकडून पायापाशी आला. पायापासून दोघांच्या मधल्या जागेत आला.

तिथे थांबला.

मधली जागा रिकामी होती. पण सीट हळूच खाली दबली... आणि कोणीतरी धापा टाकत श्वास घेत होतं. मामांचा नव्हता तो श्वास. निंबाचाही नव्हता.

मामांचा धीर सुटला. त्यांनी निंबाला भडाभडा सगळं सांगितलं, भोक आधीच होतं, त्यात बोल्ट होता, तार होती, शेंदूर होता, आणि तो ओला होता.

निंबाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "भाऊ, आमच्याकडे भगत असंच करतात. जे छळतं त्याला खिळ्याने झाडात ठोकतात. ह्याला कोणीतरी ह्या नळात ठोकलं होतं."

निंबाने विचारलं, बोल्ट कुठे आहे? बोल्ट पायाशी हत्यारांच्या खोक्यात होता. मामांनी तो उचलला. शेंदूर अजून ओलाच.

आता बाहेर पडायची वाट एकच होती. सीटच्या मागची छोटी काच कधीच फुटली होती आणि तिथे पत्रा ठोकला होता. मामांनी दोन्ही पायांनी लाथा घातल्या. पत्रा एका बाजूने सुटला. सुटता सुटता मामांना दिसलं, पत्र्यावर आतल्या बाजूने ओरखडे होते. नखांचे.

फट एवढीशी. मामा काटकुळे, मावले असते. निंबाचे खांदे... प्रश्नच नव्हता. दोघांनाही ते एकदमच कळलं.

बहिणीच्या नवऱ्याला तिथे एकट्याला, नव्हे, तसल्यासोबत सोडून जायचं? निंबाने त्यांना कमरेला धरून अक्षरशः फटीत कोंबलं.

"भाऊ, जा तुम्ही. ते बंद करा. मी थांबतो."

मामा केळीच्या घडांवर जाऊन पडले. केबिनमागचे घड काळे ठिक्कर पडले होते, हाताला लगदा लागत होता. ते खाली उतरले, पुढे धावले, बॉनेट उघडलं.

मॅनिफोल्ड थंडगार होता. माठासारखा. आत काटा लाल रेषेच्या पुढे आणि इथे लोखंडावर गारवा.

मामांनी कांडी उपसून काढली आणि बोल्ट भोकात धरला. आटे धरेनात. उघड्या बॉनेटच्या खालच्या फटीतून त्यांना समोरच्या काचेत निंबा दिसला. तो काचेवर दोन्ही हात आपटत होता. तोंड उघडून ओरडत होता. एक शब्द ऐकू येत नव्हता. मग तो हात हलवायला लागला. जोरजोरात, दोन्ही पंजे.

मामांना वाटलं तो म्हणतोय, लवकर, लवकर.

त्यांनी पाना लावला. एक आटा. आणखी एक. निंबा अजून हात हलवत होता, मान हलवत होता, काचेला कपाळ लावून रडत होता. मामाही रडत होते आणि पाना फिरवत होते.

शेवटचा आटा बसला.

काचेतला निंबा थांबला. हात खाली आले.

आणि ते थाड थाड वाजवणं, जे काचेआडून मुळीच ऐकू येत नव्हतं... ते मामांना आता ऐकू आलं. त्यांच्या हाताखालून. मॅनिफोल्डमधून.

दोन वेळा. मग बंद.

केबिनचं दार उघडलं. सहज, नेहमी उघडतं तसं. निंबा खाली उतरला. मामांचा सदरा घामाने पिळून निघाला होता. निंबाच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

तो म्हणाला, "चाल भाऊ, उशीर व्हयी ऱ्हायना."

मामांनी त्याला मिठी मारली. जिवंत होता, धडधाकट होता, बस्स. फैजपूरचा निंबा चेष्टा नसताना आपल्या धुळ्याच्या बोलीत कसा बोलला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते आलं घाटमाथ्यावर.

माथ्यावर झुंबरबाई नावाच्या म्हातारीची चहाची झोपडी होती. तिने ट्रक पाहिला आणि हातातलं फडकं खाली टाकलं. मामा तिच्याजवळ पाणी मागायला गेले तेव्हा तिने दबक्या आवाजात विचारलं, ही गाडी पुन्हा कोणी आणली? मग तिने सांगितलं. ठेकेदाराचा ड्रायव्हर होता चिंधा, धुळ्याकडचा. असाच वैशाख, अशीच दुपार. घाटात गाडी तापली, दारं जाम झाली, आणि चिंधा आत कोंडून मेला. जाळ लागला नाही, काही नाही. नुसता तापून मेला. त्यानंतर गाडी ज्याच्या त्याच्या मानगुटीवर बसायला लागली, तेव्हा ठेकेदाराने भगत आणून चिंधाला त्या गाडीतच ठोकून टाकलं. बाहेर सोडला तर माणूस धरील, असं भगत म्हणाला होता.

ती बोलत होती तोवर निंबा ट्रकमधून उतरून आला. झोपडीत शिरला, कोपऱ्यातल्या दगडावर बसला.

"झुंबर," तो म्हणाला, "गूळ जास्ती टाक."

निंबा त्या झोपडीत जन्मात आला नव्हता.

झुंबरबाईने चहा दिला. उकळता. निंबाने तो पाण्यासारखा एका घोटात घशाखाली उतरवला आणि पेला उपडा ठेवला. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, मग मामांकडे. तिने पदराने तोंड झाकून घेतलं आणि पैसे घेतले नाहीत.

सटाण्याला उरलासुरला माल उतरवला. परतीच्या वाटेवर निंबा गाडी चालवत होता. मामा दाराला चिकटून बसले होते. शिट्टी नव्हती.

घरी आई दारातच होती. नवऱ्याला बघून तिचा चेहरा फुलला. तो आत हातपाय धुवायला गेला तशी ती मामांजवळ आली. आनंदात असलेलं माणूस कसं उगाच विचारतं, तसं तिने विचारलं, आणलं ना दादा माझ्या माणसाला धड?

मामा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजसमोर कोणी नव्हतं. मामांनी बॉनेट उघडलं. मग वाकून थंड मॅनिफोल्डला कान लावला.

टक... टक...

आणि फार आतून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज.

"भाऊ... मी इथं आहे. उघडा ना भाऊ."

निंबाचा आवाज. फैजपूरची बोली. रडत होता.

तेव्हा मामांना ते हात हलवणं कळलं. तो लवकर म्हणत नव्हता. तो नको म्हणत होता.

मामांनी पाना उचलला, बोल्टला लावला. आणि हात तिथेच थांबला. आतून बोलतोय तो खरंच निंबा आहे का? की आवाज काढणारं दुसरंच काही आहे? बोल्ट काढला आणि निंबा परत शरीरात न जाता वाऱ्यावर गेला तर? बाहेर आलेलं पुन्हा आत कोण घालणार? ताईबाईच्या घरात जो आहे तो तरी उरेल का? की बहीण उद्या विधवा होईल, आपल्याच हाताने?

मागे ओट्यावरून आईच्या हसण्याचा आवाज आला. नवऱ्याशी बोलत होती.

मामांनी पाना काढून घेतला. सांगताना ते म्हणाले, "त्याने मग माझं नाव घेऊन हाक मारली रे. आणि मी बॉनेट लावून टाकलं."

निंबाने त्या आठवड्यातच ट्रक सोडला. शेठनीही वैतागून तो विकला. कोणी घेतला, कुठे गेला, पत्ता लागला नाही. मामा पुढे आयुष्यभर मालेगावपासून इंदूरपर्यंत भंगारवाल्यांकडे फिरले. घरचे म्हणायचे, म्हाताऱ्याला जुन्या लोखंडाचं वेड आहे. मामा गेले. त्यांना तो ट्रक मिळाला नाही.

माझा जन्म त्या घटनेनंतर दुसऱ्या वर्षीचा.

मामांनी मला कधी मांडीवर घेतलं नाही. भाच्याला मामा किती जीव लावतात, आणि माझे मामा मी जवळ गेलो की उठून जायचे. लहानपणी मला त्याचं फार वाईट वाटायचं.

आबांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, मला एक शब्द वावगा बोलता येणार नाही. त्यांनी कधी हात उगारला नाही. आईला शेवटपर्यंत फुलासारखं जपलं. मला शिकवलं, उभं केलं. आई गेली तेव्हा ते लेकरासारखे रडले. मामांना जे कळलं ते तिला कधी कळलं का, हे मी विचारू शकलो नाही. एकदाच ती बोलता बोलता म्हणाली होती, तुझे आबा लग्नानंतर शिट्टी फार छान वाजवायचे, मग का कोण जाणे सोडली.

आबा अजून आहेत. ऐंशीच्या घरात आहेत. वैशाखात सगळं गाव घरात दडून बसतं तेव्हा ते अंगणात उघड्यावर बसतात. दारं लावलेली त्यांना चालत नाहीत. आमच्या घराला आतून कडी नाही.

आता भंगारवाल्यांकडे मी फिरतो. धुळे, चाळीसगाव, अमळनेर, जिथे म्हणून जुना परदेशी ट्रक तोडायला आला असं कळतं तिथे जातो. प्रत्येक मॅनिफोल्ड हाताने चाचपून बघतो, कान लावून बघतो. लोक हसतात, हसू देत.

आणि खरं सांगू? रोज मनात म्हणतो, सापडू नये.

कारण सापडला, आणि आतून वाजलं, तर पाना लावायचा की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आत माझ्या आईचा नवरा आहे. बाहेर माझा बाप आहे.